किल्ली कोणाच्या खिशात?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण)



काल रात्री भेंड्या संपल्यावर संयोजकांनी फर्मान काढलं, "तू अमेरिकेत शाळेत कॉम्प्युटरचं काहीतरी करतेस ना? मग उद्या दहा मिनिटं बोल." निमित्त तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या बॅचच्या निधीतून, घरी नेट नसलेल्या दहावीच्या मुलांना टॅब आणि डेटाचं सिमकार्ड द्यायचं चाललं आहे. "पोरं त्यावर भलतंसलतं बघतील, त्याचं काय?" हा प्रश्न काल जेवतानाच निघाला. प्रश्न रास्त आहे. तो सोडवणं हेच माझं काम, आणि त्यात मी एकदा चुकले आहे. आज तेवढंच सांगते.

मी न्यू जर्सीत एका गावाच्या सरकारी शाळांचं नेटवर्क सांभाळते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलांना घरून शिकवायची वेळ आली. प्रत्येकाला लॅपटॉप दिला. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना हॉटस्पॉट दिला. हॉटस्पॉट म्हणजे तळहाताएवढी डबी, आत सिमकार्ड. ती चालू केली की घरात वायफाय.

तिकडे २००० सालचा एक कायदा आहे. इंटरनेटसाठी केंद्राकडून सवलत घेणाऱ्या शाळेला फिल्टर लावावाच लागतो, म्हणजे अश्लील आणि मुलांना अपायकारक चित्रं अडवावी लागतात. अडवण्याबाबत कायदा मागतो एवढंच. पण बाजारातले फिल्टर यापेक्षा खूप जास्त अडवू शकतात. ते विकणाऱ्या कंपन्या लाखो साइट्सची वर्गवारी करून ठेवतात: जुगार, शस्त्रं, नग्नता, आरोग्य, गप्पाटप्पा. आपण फक्त टिक करायची.

फिल्टर दोन ठिकाणी बसवता येतो. एक, मुलाच्या लॅपटॉपवर. दोन, थेट जोडणीवर. जोडणीवर बसवला की काम सोपं. कोणतीही साइट उघडताना यंत्र आधी तिचा पत्ता विचारतं, फिल्टर तो पत्ता देतच नाही. मात्र त्याला बहुधा साइटचं नाव तेवढं कळतं, आतलं पान दिसत नाही. म्हणून अडवली तर अख्खी साइट अडते. शिवाय त्या वायफायवर जो कोणी येईल, त्या सगळ्यांनाच तो लागू होतो.

माझ्याकडे शेकडो डब्या होत्या आणि दिवस थोडे होते. मी सगळ्यांवर प्राथमिक शाळेसाठीची सर्वांत कडक यादी लावली आणि समाधानाने झोपले. पहिलीतल्या मुलाला काही वावगं दिसू नये, यात चूक काय?

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ऑफिसात फोन आला. चौथीतल्या एका मुलाची आई होती. त्या हॉटेलात साफसफाईचं काम करायच्या, हॉटेल बंद पडलं होतं. त्यांना स्पॅनिश येत होतं, मला नाही, म्हणून दुभाषी बाईंना जोडून घेतलं. मला वाटलं, काहीतरी बंद पडलंय, तक्रार असेल. तक्रार नव्हती. त्या माफी मागत होत्या.

त्यांच्या फोनचा रिचार्ज संपला होता, म्हणून फोन आमच्या डबीवर जोडला होता. छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी होती. तोवर गाठ म्हणजे काय, हे त्या वाचायला गेल्या आणि पडद्यावर आमची पाटी आली: "ही साइट शाळेच्या धोरणानुसार बंद आहे. तुमच्या प्रयत्नाची नोंद झाली आहे." शरीराची चित्रं होती म्हणून ती साइट 'नग्नता' या खान्यात पडली होती. त्या फोनवर तीन वेळा एकच विचारत राहिल्या, "आता तुम्ही डबी परत नेणार का? मुलाचा वर्ग बुडेल हो."

ती पाटी मीच लिहिली होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला न्यू जर्सी दिसलं नाही. आपलं ग्रंथालय दिसलं. काचेची कपाटं, त्यांना कुलूप, आणि किल्ली ग्रंथपाल सरांच्या सदऱ्याच्या खिशात. वरच्या कप्प्यातली पुस्तकं मुलांना मिळत नसत. नववीत असताना माझी मावशी आजारी होती. घरात सगळे कुजबुजत, मला कोणी काही सांगेना. मी सरांकडे शरीरशास्त्राचं जाड पुस्तक मागितलं. मागे मुलं फिदीफिदी हसली. (ती मुलं आज समोरच बसली आहेत, नावं घेत नाही.) सरांनी विचारलं, "कशाला हवंय?" मी सांगितलं. त्यांनी कुलूप काढलं, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि रजिस्टरात लिहिलं, "पुस्तक १." नाव लिहिलंच नाही. म्हणाले, "कळलं नाही तर येऊन विचार."

कुलूप तिथेही होतं. पण शेजारी माणूस होता. त्याला विचारता येत होतं, आणि तो बोभाटा करत नव्हता. मी मात्र कुलूप नेऊन एका बाईच्या स्वयंपाकघरात लावलं आणि वर लिहिलं, आम्ही बघतोय.

त्या रात्रीच ती साइट खुली केली. मग कायदा पुन्हा नीट वाचला. त्याचा रोख शाळेच्या कॉम्प्युटरवर आहे. आईच्या स्वतःच्या फोनवर फिल्टर लावा, असं तो सांगत नाही. सज्ञान माणसाला योग्य कामासाठी फिल्टर काढून देण्याची सोयही त्यात आहे. २००१ पासून हा कायदा ग्रंथालयांसाठी न्यायालयात गेला, तेव्हा २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मोठा माणूस मागेल तेव्हा फिल्टर काढता येतो, हाही त्यातला एक मुद्दा होता. म्हणजे किल्ली कायद्यात होतीच. मी ती कोणाला दाखवली नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत फिल्टर डब्यांवरून काढून लॅपटॉपवर नेला. हे सगळ्यांना पटलं नाही. एक सहकारी म्हणाले, "मुलाने वडिलांच्या फोनवर काही पाहिलं तर जबाबदार कोण?" आणि तसं झालंही, एका पालकांची तक्रार आली. मी ती नाकारत नाही. पण ज्यांना परवडतं, त्यांच्या घरातही ही जोखीम असतेच, आणि तिथे शाळा कोणाच्या आईवर पहारा ठेवत नाही. नेट फुकट दिलं म्हणून घर आपलं होत नाही.

आता आपल्या टॅबबद्दल. इकडेही हे नवं राहिलेलं नाही. 'महाज्योती'कडून परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि डेटा मिळतो. आपण देऊ त्या सिमवरही ताई बँकेचं काम करील, आई दवाखान्याचं बघेल, बाबा पिकाचा भाव पाहतील. ते होणारच, आणि व्हावं. म्हणून माझ्या तीनच विनंत्या आहेत. फिल्टर जरूर लावा, पण टॅबवर, सिमवर नको. बंद पानावर धमकी नको. शाळेतल्या एका माणसाचं नाव आणि नंबर मराठीत लिहा, आणि त्या माणसाने फोन उचलावा. तिसरं, कोण काय पाहतं याची नोंद ठेवायची असेल तर किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार, हे टॅब हातात देतानाच पालकांना सांगा.

त्या बाईंचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. जूनमध्ये शाळा संपली तेव्हा त्यांची डबी परत आली. पुसून स्वच्छ केलेली, चार्जरची वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं. आमच्याकडे आलेल्या सगळ्या डब्यांत तेवढी एकच तशी होती.

आपले ग्रंथपाल सर आज आपल्यात नाहीत. टॅबवर नंबर कोणाचा लिहायचा, हे ठरवताना त्यांची आठवण ठेवूया.