चाकांवरचे घर

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला निघायचे असले म्हणजे आमचे वडील आदल्या रात्रीच गाडी भरून ठेवीत. खाली कडबा, त्यावर वाकळा, मध्ये पिठाची आणि डाळीची गाठोडी, पाण्याची घागर, तवा, परात, आणि या सगळ्यावर आम्ही दोघे भाऊ. गाडीवर तट्ट्याची कमान केलेली असे. आई म्हणायची, "हे बघा, आपलं घरच निघालं की यात्रेला!" बैल जुंपण्याआधी वडील एक गोष्ट न चुकता करीत. जू दोन्ही हातांनी थोडे उचलून पाहात. फार हलके लागले तर म्हणत, "गाडी उलाळ झालीया," आणि मागची दोन गाठोडी पुढे ओढीत. फार जड लागले तर पुढचे ओझे मागे. मनासारखे झाले की मगच बैल.

ही आठवण मला पुन्हा झाली ती साताऱ्यापासून हजारो मैलांवर, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरी, २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात. कशी झाली, तेच आज सांगणार आहे.

माझा धाकटा भाऊ लेस्टरला असतो. आई त्या साली एप्रिलअखेर त्याच्याकडे गेली होती. तिथल्या पाहुण्याला एका वेळी सहा महिने राहता येते. ती मुदत संपत आली म्हणून तिला आणायला मी कॉलेजातून रजा काढून गेलो होतो. गेल्या गेल्या भाऊ म्हणाला, "दादा, बरं झालं आलास. आपल्याला कॅरव्हॅन बघायला जायचंय."

कॅरव्हॅन म्हणजे काय, हे श्रोत्यांना थोडे सांगायला हवे. मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यायची खोली म्हणजे कॅरव्हॅन. तीत निजायची, बसायची, रांधायची, न्हाण्याची सारी सोय असते. इंजिन मात्र नसते. इंजिनासह घर एकाच गाडीत असले तर तिला मोटरहोम म्हणतात. मुक्कामाच्या ठिकाणी कॅरव्हॅन सोडून ठेवायची आणि रिकाम्या मोटारीने हिंडायचे, अशी तिथली रीत. मोटरहोमला सोडणे-जोडणे नाही, पण दूध आणायला जायचे तरी अंथरूण गुंडाळून सगळे घरच बाजारात न्यावे लागते! शिवाय तिची किंमतही पुष्कळ जास्त. तेव्हा भावाने ती गोष्ट आधीच बाजूला ठेवली होती.

या हौसेचा इतिहास मोठा मजेचा आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. आरमारातली नोकरी सोडून तो मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून केवळ हौसेने फिरण्यासाठी दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तिचे नाव 'वाँडरर' ठेवले. रस्ते अरुंद आणि गाडी प्रचंड, म्हणून त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सावध करी. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडात अशा हौशी लोकांचा क्लबच निघाला. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स या कारखानदाराने मोटारीमागे ओढायची अशी गाडी स्वतः तयार केली. चाबूक आणि बर्फावर घसरण्याच्या काठ्या विकायला तो गावोगाव फिरे, आणि त्याच्या चित्रकार पत्नीला त्याच्याबरोबर राहून चित्रे काढायची होती. घरची माणसे बरोबर असावीत, इतकेच त्या खटाटोपाचे कारण.

जाता जाता एक बोलून टाकतो. या हौशी मंडळींच्या पुष्कळ आधीपासून जिप्सी लोक तिथे घरगाड्यांतून राहात होते. आपल्याकडे घिसाडी जसे गाडीवर संसार घेऊन फिरत, तसे. त्यांना गावोगाव हुसकून लावीत, आणि डॉक्टरसाहेबांचे मात्र कौतुक होई. चाके तीच, फरक पोटाचा आणि हौसेचा. असो.

बर्मिंगहॅमचे प्रदर्शन तिथल्या विमानतळाला लागून असलेल्या भव्य प्रदर्शनगृहात भरते. एकेक दालन म्हणजे आपल्या बाजारसमितीचे अख्खे आवार. आम्ही सहा जण गेलो: भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले, आई आणि मी. आत जिकडे पाहावे तिकडे पांढऱ्याशुभ्र गाड्या. दार उघडे असते, कोणीही आत जावे, गादीवर बसावे, कपाटे उघडून पाहावीत. म्हातारी जोडपी तर खुशाल बूट काढून पलंगावर आडवी होऊन बघत होती! आम्हाला आधी संकोच वाटला. आईला वाटला नाही. तिने पहिल्याच गाडीत जाऊन गॅसची शेगडी पाहिली, ओटा टिचकीने वाजवून पाहिला आणि म्हणाली, "परातीला जागा कुठाय? भाकरी थापायची कशावर?"

पुढच्या गाडीत तिने संडास पाहिला. त्यात खाली एक डबा असतो. तो भरला की बाहेरच्या बाजूने झडप उघडून काढायचा आणि मुक्कामाच्या जागी ठरवून दिलेल्या ठिकाणी रिता करायचा. विक्रेत्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितले, मी तिला मराठीत सांगितले. तिने शांतपणे विचारले, "आणि उपसणार कोण?" भावजयीने भावाकडे पाहिले. तो प्रश्न तिथेच मिटला.

मुलांचा जीव जडला तो एका सहा जणांच्या गाडीवर. मागच्या बाजूला एकावर एक निजायचे फळे, त्यांना छोटे पडदे, उशाशी दिवे. पुतण्याने वरचा फळा अडवूनच टाकला. धावत्या गाडीत वर झोपून खिडकीतून बघणार, म्हणाला. त्याला सांगावे लागले की ओढताना कॅरव्हॅनमध्ये कोणी बसायचे नाही, कायद्याने मना आहे. सगळ्यांनी पुढे मोटारीत. त्याचा चेहरा उतरला, पण फळा काही सोडला नाही.

विक्रेता गोड बोलणारा होता. ही किंमत फक्त प्रदर्शनापुरती, आज नाव नोंदवले तर पडवी फुकट. (ही पडवी कापडी असते, गाडीच्या बाजूला जोडायची.) हप्ते महिन्याला अमुक. किंमत नीट ऐकली तर पंचवीस हजार पौंडांच्या वर. तशी तिथे वीस हजारांच्या आत नवी गाडी आम्हाला फारशी दिसलीच नाही. भाऊ डळमळला. मी त्याला म्हटले, "वजन किती आहे ते विचार."

इथे मुद्द्याची गोष्ट येते. कॅरव्हॅनची दोन वजने असतात. एक कारखान्यातून निघालेल्या गाडीचे. दुसरे सामान भरून जास्तीत जास्त किती होऊ द्यायचे ते. या दोहोंतला फरक म्हणजे आपल्याला भरता येणारे सामान. पाहुण्याला वाटते, एवढे मोठे घर, यात काय मावणार नाही! प्रत्यक्षात फरक बहुधा दीडशे किलोच्या आसपास निघतो. त्यातच कापडी पडवी, खुर्च्या, भांडी, कपडे, अंथरुणे. माणसाचा हात सैल असला तर ते दीडशे किलो बघता बघता संपतात.

त्या सहा जणांच्या गाडीचे भरलेले वजन होते १,६०० किलो. भावाची मोटार १,५५० किलोची. विक्रेता म्हणाला, "तुमच्या मोटारीच्या कंपनीने याहून जास्त ओढायला परवानगी दिली आहे." ते खोटे नव्हते. पण ओढणे वेगळे आणि आवरणे वेगळे! तिथल्या जाणत्या लोकांचा ठोकताळा असा की भरलेली कॅरव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड असू नये, निदान नवशिक्याने तरी तो आकडा ओलांडू नये. हा कायदा नव्हे, शहाणपणाचा सल्ला. भावाच्या मोटारीसाठी हिशेब केला तर १,३१७ किलो येतात. कायद्यानेही अलीकडे दार सैल केले आहे. १९९७ पासून ज्यांनी परवाना काढला त्यांना जड जोडगाडी ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. परीक्षा गेली, पण शिकायचे ते काही गेले नाही. आपल्याकडे ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणारा चालक सुकाणू उलट्या बाजूला फिरवतो, ते त्याला किती दिवसांनी जमते, त्यालाच विचारावे.

मग आम्ही वजनाच्या पाट्या वाचीत फिरू लागलो. आणि एक फार छान गाडी सापडली. आटोपशीर, उजेडाची, भरून १,३०० किलोच्या आत, भावजयीला ओटाही पसंत. निजायची सोय चौघांची. विक्रेत्याने विचारले, "घरात किती जण?" भाऊ बोलायला गेला आणि थांबला. आईला इंग्रजी येत नाही, पण तिने बिछाने मोजलेले होते. ती म्हणाली, "चौघांची बरी आहे. घेऊन टाका. मी काय, एवढ्या वयात कुठं हिंडू? मी घरी बसेन." इतक्या सहज म्हणाली की कोणाला उत्तर सुचेना.

खरे सांगायचे तर हा सगळा बेत तिच्यासाठीच निघाला होता. तिचे गुडघे दुखतात, हॉटेलातले अन्न तिला चालत नाही, परक्या पलंगावर झोप लागत नाही. त्या उन्हाळ्यात सगळे समुद्रावर गेले तेव्हा ती चार दिवस शेजारणीच्या भरवशावर घरी राहिली होती, हे मला भावजयीने आदल्या रात्री हळूच सांगितले होते. म्हणजे जिच्यासाठी घर घ्यायचे तीच त्या घराबाहेर! मोठी मोटार घेऊन मोठी कॅरव्हॅन घ्यावी तर दोन्ही मिळून कर्जाचा डोंगर. भाऊ दारात पाय सोडून बसला. बराच वेळाने म्हणाला, "आज काही घ्यायला नको." विक्रेत्याने पुन्हा पडवीची आठवण दिली. आम्ही त्याचे आभार मानून बाहेर पडलो.

प्रदर्शनाचा उपयोग झाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. काय हवे ते त्या एका दिवसात पक्के झाले: पाच जणांची सोय, १,३१७ किलोच्या आत, आणि आईसाठी गुडघ्याच्या उंचीचा बिछाना. अशा गाड्या जुन्यांत मिळतात, दुकानाबाहेर रांगेने उभ्या असतात. पुढच्या आठवड्यात आम्ही तीन पाहिल्या. जुन्या कॅरव्हॅनचा शत्रू म्हणजे ओल. जोडांतून पाणी झिरपते आणि आतले लाकूड कुजत जाते, वरून काही दिसत नाही. ती मोजायचे यंत्र असते. पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक समजतात, वीसच्या वर गेली तर कुजण्याची भीती. दुसऱ्या गाडीत दुकानदार यंत्र आणायला गेला होता, तेवढ्यात आईने गादीखालचा कप्पा उघडून वास घेतला आणि नाक मुरडले. "पावसाळ्यातल्या कणगीसारखा वास येतोय." यंत्राने त्या कोपऱ्यात पंचवीस दाखवले. तिसरी गाडी आठ वर्षांची, सहा जणांची, भरलेले वजन १,३१० किलो. पुढच्या बाकांचा रात्री बिछाना होतो, तो आईचा. साडेनऊ हजार पौंडांत ती ठरली. आई माझ्याबरोबर साताऱ्याला परतली, ती पुढच्या उन्हाळ्यात परत जायचे कबूल करून.

आता जुवाची गोष्ट. कॅरव्हॅनची पुढची दांडी मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसते. तिथे भार किती पडतो यावर सारे अवलंबून. भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, आणि मोटारीला जेवढा सोसतो त्याहून जास्त नसावा. भार कमी पडला, म्हणजे मागचे ओझे जड झाले, की वेगात कॅरव्हॅन नागमोडी हेलकावे खाऊ लागते आणि मोटारीलाही घेऊन जाते. म्हणूनच तिथे महामार्गावर मोटारीला तासाला सत्तर मैलांची मुभा, पण कॅरव्हॅन ओढणाऱ्याला साठच. जड सामान नेहमी आखाच्या आसपास, तळाशी. आपल्या दोनचाकी गाडीचा नियम अगदी हाच, फक्त बैल बारा कोस वेगाने धावत नसतात, म्हणून चूक झाली तरी निभावते.

२०२४ च्या जून महिन्यात पहिला प्रवास ठरला, डर्बीशरच्या डोंगराकडे. निघायच्या सकाळी भावाचा फोन आला. त्याने दांडीखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवून भार मोजला होता. हवा होता कमीत कमी ६६ किलो, मोटारीची मर्यादा ८०, आणि काटा दाखवीत होता ४८. "दादा, काय चुकलं ते कळेना." मागून आईचा आवाज आला, "अरे, उलाळ झालीय! मागं न्हाणीघरात काय कोंबलंय ते बघा." मागे वीस किलो तांदळाचे पोते होते, आणि पंचवीस किलोची ती कापडी पडवी. दोन्ही ओढून आखावर आणली. पुन्हा मोजले तर ७६.

"आता चला," आई म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.