ओळख नसलेल्यांची ओळख

विटा-आटपाडीकडची मंडळी सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पोचली, ती नात्यागोत्याच्या आधारावर. परगावचा मामा भाच्याला बोलावून घेतो, भट्टीशेजारी बसवून काम शिकवतो. पण ज्यांना असा मामा नाही, त्या मुलामुलींचं काय? त्यांना ओळखी जोडायला कॉलेजनंच शिकवायला हवं, आणि तेही पहिल्या वर्षापासून.

सुरुवात माजी विद्यार्थ्यांपासून करता येईल. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, दोन्ही १९४७ सालची. माजी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या झाल्या! विद्यार्थ्यांनो, त्यांना जरूर लिहा. मात्र पहिल्याच निरोपात नोकरी मागू नका. नाव, गाव, काय शिकताय ते दोन ओळींत सांगा. त्यांच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. उत्तर आलं तर आभार माना, आणि त्या सल्ल्याचं पुढं काय केलंत, तेही महिन्याभरानं आवर्जून कळवा.