बायबलातील तीन स्त्रिया आणि पंडिता रमाबाई



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि मी बायबलातील स्त्रियांचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. हमाल आणि शेतमजूर यांच्यात वावरणाऱ्या माणसाने मजुरीवर बोलावे, धर्मग्रंथावर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, या ग्रंथात मला विहिरीवर पाणी भरणारी, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी आणि न्यायासाठी खेटे घालणारी बाई भेटली. या तिघींना मी ओळखतो, तुम्हीही ओळखता. मी ख्रिस्ती नाही. परंतु ज्या जिल्ह्यात नामदेवांचे नर्सी आहे, आणि ज्याच्या शेजारी दळणकांडण करताकरता देवाला हाक मारणाऱ्या जनाबाईचे गंगाखेड आहे, तेथील श्रोत्यांना कष्टकरी बाईच्या तोंडून धर्म ऐकण्याचे वावडे नसावे.

या विषयाकडे मी पंडिता रमाबाईंच्या वाटेने आलो, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करतो. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही गेला. पदरात लहान मुलगी मनोरमा. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे असताना त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या बायकांसाठी चालवलेले एक घर पाहावयास मिळाले. या बायकांना जवळ करण्याची बुद्धी तुम्हाला कोठून झाली, असे रमाबाईंनी विचारले. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. या कथेने आपले मन ओढले गेले, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता ती कथा पाहू. भर दुपारची वेळ आहे. येशू चालून थकला आहे आणि याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरावयास येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिला म्हणतो, मला प्यावयास दे. बाई चकित होते आणि विचारते, तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस? पुढे ती असेही म्हणते की, विहीर खोल आहे आणि तुझ्यापाशी पोहरा तर नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या संभाषणाचे मोल वेगळे सांगावयास नको. पाण्यापाशी माणसाची जात विचारली जाते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहिरीवरही खरे होते. तेथे वरच्या मानल्या गेलेल्या माणसाने खालच्या मानल्या गेलेल्या बाईपुढे ओंजळ केली.

या बाईला पाच नवरे होऊन गेले होते आणि आता जो होता तो नवरा नव्हता. पुष्कळ प्रवचनकार येथे थांबतात आणि तिला पापिणी ठरवतात. मूळ कथा वाचा. येशू ती गोष्ट बोलून दाखवतो, पण दूषण देत नाही. ज्या समाजात काडीमोड देणे पुरुषाच्या हाती होते, तेथे पाच घरे पाहिलेली बाई किती वेळा विधवा झाली आणि किती वेळा टाकली गेली, हे कोणी विचारीत नाही. ती मात्र धर्माचा प्रश्न विचारते: पूजा कोठल्या डोंगरावर करावी? येशू तिला उडवून लावीत नाही. तो तिच्याशी वाद करतो, आणि आपण कोण आहोत हे तिला उघड सांगतो. शिष्य परत येतात आणि हा बाईशी बोलतो आहे, याचेच त्यांना आश्चर्य वाटते. बाई घागर तेथेच टाकून गावात जाते आणि लोकांना घेऊन येते. जिच्या शब्दाला गावात किंमत नसावी, तिच्या शब्दावर गाव विहिरीपाशी येते.

रमाबाईंनी या कथेवर प्रवचने करून थांबायचे नाकारले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. विधवा मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली मोठा गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराविषयी कोणाचे काय मत असावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र जोतीराव फुल्यांनी १८८५ सालीच 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू घेतली होती, हे विसरू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. तेथे बायकांनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमच्या घराची ती मराठी लेक होय. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि थोड्या शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळे बायबल त्यांनी उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तिसदनातल्या बायकांचे होते.

दुसरी बाई रूथ. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्याच गावात दुष्काळ पडला आणि नामी नावाची बाई नवरा व दोन मुलांसह मवाब देशी गेली. दहाएक वर्षांत नवरा मेला, मुलगे मेले. नामी परत निघाली तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिला सोडीना. दोन विधवा जवाच्या सुगीच्या आरंभी गावी पोहोचल्या, आणि रूथ सरवा वेचावयास निघाली.

सरवा म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावे लागते, आपल्याकडे लागत नाही. हरभरा, भुईमूग निघाला की रानात राहिलेले घाटे, शेंगा वेचणाऱ्या बाया आपण पाहतो. आपल्याकडे सरवा मालकाच्या मर्जीवर मिळतो. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र तो गरिबाचा हक्क आहे. शेताच्या कडा कापू नका, खाली पडलेले उचलू नका, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नका. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची आहे. कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे आठवा.

असा कायदा असूनही रूथला मुकादमापुढे विनवणी करावी लागली, हे मी मुद्दाम सांगतो. कायदा पुस्तकात असतो, बाई बांधावर उभी असते. शेताचा मालक बवाज भला माणूस होता. त्याने गड्यांना ताकीद दिली की, हिच्या अंगाला हात लावू नका. गड्यांनी भरलेल्या भांड्यातले पाणी पी, असे तिला सांगितले. जेवणाच्या वेळी कापणाऱ्यांच्या पंगतीला तिला बसवले. सुरक्षितता, पाणी आणि जेवणाची सुट्टी: ही तीन कलमे मी आजवर कितीतरी मागणीपत्रांत लिहिली आहेत. पण सगळेच मालक बवाज नसतात. म्हणून नामीही सुनेला बजावते की, दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तेथे तुला त्रास होईल.

मालकाचा भलेपणा संपतो तेथे कायद्याचे काम सुरू होते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बायांनी खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कष्टांमागून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. कामाच्या जागी स्त्रियांचा छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. असंघटित बायांना तक्रार करता यावी यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी, असे तो सांगतो. ती समिती कोठे बसते, हे या मंडपातील किती बायांना कोणी सांगितले आहे?

तिसरी बाई बिननावाची. ती लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात येते. एका गावात देवाला न भिणारा आणि माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीश होता. एक विधवा त्याच्याकडे पुन्हापुन्हा येई आणि माझा न्याय करा म्हणे. शेवटी तो कंटाळला आणि म्हणाला, हिचा निकाल लावला नाही तर ही मला हैराण करील. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे, असे जाणकार सांगतात. त्या विधवेपाशी वकील नव्हता, लाच देण्याला पैसा नव्हता, भाऊबंद नव्हते. तिच्यापाशी परत येण्याची ताकद तेवढी होती.

येशूने हा दाखला प्रार्थनेविषयी सांगितला, आणि शेवटी विचारले की, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? येथे विश्वास म्हणजे काय, हे त्या विधवेने दाखवले आहे. आज नाही म्हटले तरी उद्या पुन्हा दारात उभे राहणे, हाच तो विश्वास.

याच ग्रंथात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असेही पौलाच्या पत्रांत आहे, हे मी झाकून ठेवीत नाही. रमाबाईंनीही ते वाचले होते. तरीही धर्माधिकाऱ्यांनी त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे सुचवले, तेव्हा त्या मुकाट राहिल्या नाहीत. विहिरीवरच्या बाईने देवाच्या माणसाशीही वाद केला होता. तिच्या वाचकिणीने बिशपांशी केला तर त्यात नवल काय?

आता आपल्याकडे या. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. घाम दोघांचा, उचल नवऱ्याच्या नावावर. नवरा मेला की वारसनोंदीसाठी बाई तलाठ्याकडे चकरा मारते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मसिद्ध वाटा कायद्याने मान्य झाला आहे, तरी हक्कसोड लिहून देणारी बहीण चांगली आणि वाटा मागणारी वाईट, असे आपणच ठरवतो. मंदिरात, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये आपण जातो. तेथून परतताना आपल्या शेताच्या कडेला कोणाचा हिस्सा राहिला आहे, एवढे पाहावे. आपल्या ओट्यावर कोणी पुन्हापुन्हा येत असेल तर ती कटकट आहे की विश्वास आहे, याचा विचार करावा. आणि बायांना माझे सांगणे एवढेच की, अर्ज एकटीने देऊ नका, पाचजणी मिळून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या विधवेला सोबतीण नव्हती, तुम्हाला आहेत.