मानाचे कार्ड : जमा आणि नावे



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण वेदान्तापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवरची व्याख्याने ऐकलीत. त्याच ठिकाणी उभे राहून आज मी खिशातल्या एका कार्डाविषयी बोलणार आहे, याचा मला थोडा संकोच वाटतो. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. एका नागरी सहकारी बँकेत कीर्द आणि खतावणी सांभाळण्यात माझी एकतीस वर्षे गेली. तेव्हा मी जे बोलेन ते एका कारकुनाचे बोलणे समजावे. मात्र कारकुनाला एक खोड असते. कोणी 'फुकट' म्हटले की तो लगेच नावेची बाजू उघडून पाहतो.

प्रसंग असा घडला. मी आणि माझी पत्नी भाच्याबरोबर विमानाने दिल्लीस निघालो होतो. विमानतळावर त्याने आम्हांला गर्दीतून बाजूला काढून एका लाउंजमध्ये नेले. दाराशी त्याने एक कार्ड दाखविले. ते नेहमीच्या प्लास्टिकचे नव्हते, धातूचे होते. टेबलावर ठेवले की खणकन वाजे. आत मऊ खुर्च्या, गरम इडल्या, हवा तेवढा चहा. हिने दुसरा कप हाती घेतला आणि विचारले, "अरे, हे सगळे फुकट कसे? याचे पैसे देतो कोण?" भाचा हसून म्हणाला, "मामी, बँक देते!"

एकतीस वर्षे बँकेत काढूनही बँक कोणाला काही फुकट देते असे माझ्या पाहण्यात आले नव्हते. पुढच्या महिन्याच्या बिलात त्याचा उलगडाही झाला. लाउंज त्याच्यापुरते फुकट होते. आम्हा दोघा पाहुण्यांबद्दलची आकारणी त्यात स्वच्छ लिहिलेली होती. पण हिने विचारलेला प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली फ्रँक मॅकनामारा या गृहस्थाने डायनर्स क्लब काढला. उपाहारगृहात जेवण झाल्यावर आपले पाकीट घरी राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. ती प्रसिद्धीसाठी मागाहून रचली, असेही म्हणतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जेवणारा महिन्याअखेर पैसे देई आणि क्लब उपाहारगृहाच्या मालकाकडून बिलाचे सात टक्के कापून घेई. म्हणजे जेवणाऱ्याच्या सोयीचा भार मालकाने उचलावा, ही रीत अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १९५८ मध्ये आपले कार्ड आणले, १९६६ मध्ये सोनेरी कार्ड आणले आणि १९८४ मध्ये प्लॅटिनम. पुढे एक वदंता पसरली की, याही वर एक काळे कार्ड आहे, ते मागून मिळत नाही आणि त्यावर वाटेल ते विकत घेता येते. तसले कार्ड तेव्हा नव्हते. परंतु लोकांना ते हवे आहे हे कंपनीने ओळखले आणि १९९९ मध्ये 'सेंच्युरियन' या नावाने ते काढले. निमंत्रण आल्यावाचून ते मिळत नाही. अमेरिकेत त्याला प्रवेशासाठी १०,००० डॉलर आणि पुढे दरवर्षी ५,००० डॉलर पडतात.

या क्रमाकडे जरा लक्ष द्या. साधे कार्ड पुष्कळांच्या हाती आले तेव्हा सोनेरी निघाले, सोनेरी सर्वत्र दिसू लागले तेव्हा प्लॅटिनम, मग काळे. मान ही अशी वस्तू आहे की वाटली की कमी होते. आपल्याकडे लग्नात पहिली पंगत मानाची असे. सगळ्यांनाच पहिल्या पंगतीत बसविले असते तर तिला मान उरला नसता. तोच अनुभव आज लाउंजच्या दाराशी येतो. कार्डे वाढली, आत जायला रांगा लागू लागल्या, आणि मग बँकांनी अटी घालण्यास आरंभ केला. फी मात्र एकाच दिशेने जाते. अमेरिकेत प्लॅटिनमची वार्षिक फी १९८४ साली २५० डॉलर होती. २०२१ मध्ये ती ६९५ झाली आणि २०२५ मध्ये ८९५.

आता भाच्याच्या कार्डाकडे वळू. एका रविवारी आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मधोमध रेघ मारली. एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे.

जमेची बाजू मी प्रथम सांगतो, कारण ती लहान नाही. दर १५० रुपये खर्चामागे त्याला पाच पॉइंट मिळत. विमानाचे तिकीट किंवा हॉटेल घेताना एका पॉइंटचा एक रुपया होई. वर्षात दहा लाख खर्च झाला तर सुमारे ३३,३३० रुपये झाले. परदेशी चलनात खर्च केला तर साध्या कार्डावर साधारणपणे साडेतीन टक्के अधिभार पडतो, याच्यावर दोनच टक्के पडे. प्रवासाचा विमा होता, लाउंज होते.

आता नावे. वार्षिक फी १२,५०० रुपये, त्यावर अठरा टक्के कर, मिळून १४,७५०. वर्षाचा खर्च दहा लाखांच्या वर गेला तर ही फी माफ. आणि ज्या पॉइंटचा तिकिटात एक रुपया होतो, त्याचेच पैसे बिलातून वळते करून घ्यायचे म्हटले तर तीसच पैसे मिळतात. म्हणजे ३३,३३० चे ९,९९९ झाले. ज्याला विमानाने फारसे जायचेच नाही, त्याने फी भरून हे कार्ड बाळगले तर वर्षाला पावणेपाच हजारांची खोट येते.

येथे एक चूक सर्रास होते. आपण मानाच्या कार्डाची तुलना कोणतेच कार्ड नसण्याशी करतो. वास्तविक ती साध्या, बिनफीच्या कार्डाशी करावयास हवी. तेही शेकडा एक रुपया परत देते. भाच्याच्या घरचा खरा खर्च वर्षाला ८,६०,००० होता. त्यावर पॉइंट सुमारे २८,६६५. फी वजा जाता १३,९१५. साध्या कार्डावर त्याला ८,६०० मिळाले असते. उरले ५,३१५. तेही सगळे पॉइंट तिकिटांतच खर्ची पडले तर! एवढा खणखणाट, आणि त्याचे निव्वळ मोल पाच हजार तीनशे पंधरा रुपये. भाचा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग तो हळूच म्हणाला, "मामा, पण मला फी पडली नाही. मी दहा लाख पुरे केले होते." कसे पुरे केले, असे मी विचारले. फेब्रुवारीअखेर एक लाख चाळीस हजार कमी पडत होते. मार्चमध्ये त्याने जुना चांगला चालत असलेला टीव्ही काढून नवा मोठा घेतला, दोन खुर्च्या घेतल्या, आणखी काही किरकोळ वस्तू घेतल्या. फी वाचली १४,७५० आणि पॉइंट मिळाले ४,६६५. एकूण १९,४१५ रुपये मिळविण्यासाठी त्याने एक लाख चाळीस हजारांच्या अनावश्यक वस्तू घरात आणल्या. मित्रहो, हा खर्च बँकेच्या कोणत्याच पत्रकात नावे पडत नाही. फीचा आकडा छापलेला असतो. फी वाचविण्यासाठी माणूस स्वतःत जो बदल करतो त्याचा आकडा कोठेही छापलेला नसतो. आणि माझ्या मते या कार्डाची मोठी किंमत तीच आहे.

तथापि ही एकच बाजू सांगून थांबलो तर तो अन्याय होईल. त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, रात्री हृदयविकाराचा झटका आला. रात्री अडीच वाजता रुग्णालयाने पावणेतीन लाख अनामत मागितली. अशा वेळी घरात रोकड कोठून असणार? भाच्याने तेच कार्ड पुढे केले आणि दहा मिनिटांत बहिणीला आत घेतले. ती आज ठणठणीत आहे. त्या रात्री त्या कार्डाचे उपकार मी मानले, आणि आजही मानतो.

परंतु पुढचेही ऐका. विम्याचे पैसे हाती येण्यापूर्वीच कार्डाच्या बिलाची तारीख आली. बिलावर दोन आकडे होते: संपूर्ण रक्कम, आणि शेकडा पाच या हिशेबाने किमान रक्कम, १३,७५०. दमलेल्या माणसाला धाकटा आकडा फार प्रेमळ वाटतो. भाचा तोच भरणार होता. मी त्याला मुदतठेव मोडावयास लावली. का? महिना साडेतीन टक्के दराने उरलेल्या २,६१,२५० वर एका महिन्याचे व्याज ९,१४४ आणि त्यावर कर १,६४६, मिळून सुमारे १०,७९०. शिवाय बिल पुरते फेडले नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. निव्वळ लाभ ५,३१५ आणि एका महिन्याची ढिलाई १०,७९०! दोन वर्षांची मिळकत तीस दिवसांत गेली असती.

शिवाय त्या रात्री उपयोगी पडली ती खर्चाची मर्यादा. धातू नव्हे, लाउंज नव्हे, पॉइंटही नव्हेत. तेवढीच मर्यादा साध्या कार्डावर असती तर तेही तितकेच उपयोगी पडले असते.

आता मामींच्या प्रश्नाकडे येतो. पैसे देतो कोण? पुष्कळसे देतो तो हाच, किमान रक्कम भरणारा मनुष्य. तो अडचणीत असतो म्हणून कमी भरतो आणि त्याच्या व्याजावर बँकेचा हा व्यवहार चालतो. दुसरा देणारा दुकानदार. क्रेडिट कार्डावर विक्री झाली की साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम त्याच्या हातून जाते. तो ती मालाच्या किमतीत धरतो, आणि ती किंमत रोकड देणाऱ्यालाही पडते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील संशोधकांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता हिशेब मांडला होता: रोकड वापरणारे कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांना देते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. आपल्याकडे बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काही द्यावे लागत नाही, ही जमेची गोष्ट. पण मानाच्या कार्डाची इडली अखेर शेवटच्या पंगतीतल्या माणसाच्या पानातून येते, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला तो १८७५ साली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. आपण कशाखाली अंगठा उठविला हे त्यांना वाचता येत नव्हते. त्यातून १८७९ चा कायदा झाला आणि रोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आपल्याला वाचता येते, तरी कार्डाच्या अटी आपण न वाचताच 'मान्य' म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. आणि येणे बाकी नसेल तर बंद करण्याची विनंती केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद न केल्यास बँकेला दररोज ५०० रुपये द्यावे लागतात. हे हक्क ठाऊक असावेत. मात्र व्याजाच्या बाबतीत कोणी आपल्याला वाचवील या भरवशावर राहू नये. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मग असे कार्ड घ्यावे की नाही? ज्याचा प्रवास मुळातच मोठा आहे, जो दर महिन्यास संपूर्ण बिल फेडतो आणि कार्डासाठी एक रुपयाही जास्त खर्च करीत नाही, त्याने खुशाल घ्यावे. त्याला ते लाभते. बाकीच्यांनी वर्षाअखेर कागदावर एकच रेघ मारावी आणि जमेत फक्त तेवढेच धरावे, जे कार्ड नसते तरी आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतले असते. लाउंजमधला दुसरा चहा आपण कधीच विकत घेतला नसता. तो जमेत धरू नये.

भाच्याने पुढच्या वर्षी मार्चमध्ये काही घेतले नाही. फीचे बिल आले, तेव्हा त्याने ते कार्ड परत केले आणि तेवढ्याच मर्यादेचे साधे कार्ड मागून घेतले. बँकेने तेही दिले. क्रेडिट या शब्दाला आपल्याकडे 'पत' हा जुना शब्द आहे. बँकेने त्याची पत पाहिली ती पगारात आणि वेळेवर फेडलेल्या बिलांत. धातूचे कार्ड गेले, पत होती तेथेच राहिली.

अलीकडे आम्ही पुन्हा एकदा त्याच विमानतळावर होतो. बाहेरच्या बाकावर बसून घरचे थालीपीठ खाल्ले. चहा विकत घेतला. तो महाग होता, हे मला कबूल केले पाहिजे. पण त्याचे पैसे कोण देतो, हे हिला विचारावे लागले नाही.