करमणूक खात्याचे पहिले साहेब

१८ नोव्हेंबर १९३३. शनिवारची संध्याकाळ. बीबीसीच्या रेडिओवर ‘इन टाउन टुनाइट’ नावाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची सुरुवात इंग्लंडातल्या घराघरांत पाठ झाली. आधी लंडनच्या रहदारीचा गोंगाट, त्यात पिकॅडिली सर्कसमधल्या फुलवालीची हाक, मग एक दणदणीत आवाज त्या सगळ्या शहराला जागच्या जागी थांबवायचा. लगेच एरिक कोट्स या संगीतकाराच्या ‘नाइट्सब्रिज’ या कूचगीताची धून, आणि त्या आठवड्यात लंडनमध्ये असलेली नाना तऱ्हेची माणसं मायक्रोफोनसमोर. सिनेमातली तारका यायची, तसाच कुणी तऱ्हेवाईक धंदा करणारा सामान्य माणूसही यायचा. त्या धुनेच्या चौकशीची इतकी पत्रं आली, की कोट्स एका रात्रीत घरोघरी माहीत झाले. कार्यक्रम १९६० पर्यंत चालला.

हा कार्यक्रम ज्यांच्या खात्यातून निघाला त्या एरिक मॅशविट्झ यांचं नाव मात्र आज इंग्लंडातही फारसं कुणाला आठवत नाही. रेडिओच्या करमणूक खात्याचे पहिले प्रमुख आणि पाव शतकानंतर टेलिव्हिजनच्या करमणूक विभागाचेही प्रमुख, अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलेला हा माणूस. गायक आठवतात, विनोदी नट आठवतात. दर आठवड्याला त्यांच्यासाठी वेळ, पैसा, लेखक, वाद्यवृंद आणि वरिष्ठांची परवानगी जमवणारा अधिकारी विसरला जातो. त्याचं काम हीसुद्धा एक कला आहे, आणि मॅशविट्झ यांच्या कारकिर्दीत ती स्वच्छ दिसते.

मॅशविट्झ यांचा जन्म १९०१ मधला, बर्मिंगहॅममधल्या एजबॅस्टनचा. शिक्षण रेप्टन आणि केंब्रिजला. १९२६ मध्ये ते बीबीसीत दाखल झाले तेव्हा तिचा कारभार थेम्सकाठच्या सॅव्हॉय हिलमधल्या इमारतीत चालायचा. त्याच वर्षी त्यांनी हर्मायनी गिंगोल्ड या नटीशी लग्न केलं. पुढे हॉलिवुडपटांतून गाजलेल्या त्याच या गिंगोल्ड. १९२७ पासून मॅशविट्झ ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचे संपादक होते. आठवड्याच्या सगळ्या कार्यक्रमांचं वेळापत्रक छापणारं हे साप्ताहिक दहा लाखांहून अधिक खपायचं. सहा वर्षं त्या खुर्चीत काढल्यावर श्रोता काय शोधतो आणि कशावरून पान उलटतो, याचा अंदाज त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. त्यांचे तिथले सहायक व्हॅल गिल्गुड पुढे बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. दोघांनी मिळून रहस्यकथाही लिहिल्या. त्यातली एक कथा तर बीबीसीचं नवं मुख्यालय असलेल्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या स्टुडिओतच घडणाऱ्या खुनाची आहे. ती १९३४ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही आला.

याच काळात त्यांनी जॉर्ज पॉसफर्ड या संगीतकाराच्या जोडीनं ‘गुडनाइट व्हिएन्ना’ ही संगीतिका लिहिली. रंगभूमीवरचं एखादं नाटक उचलून मायक्रोफोनसमोर वाचलं, अशातला हा प्रकार नव्हता. केवळ कानासाठी, रेडिओसाठीच लिहिलेली ती संगीतिका होती. जानेवारी १९३२ मध्ये ती प्रसारित झाली आणि वर्ष संपायच्या आत हर्बर्ट विल्कॉक्सनी जॅक ब्यूकॅनन आणि ॲना नीगल यांना घेऊन तिचा चित्रपट केला. रेडिओनं रंगभूमीकडून उसनं घ्यायचं, हा तोवरचा शिरस्ता. इथे रेडिओची वस्तू सिनेमावाल्यांनी विकत घेतली.

१९३३ मध्ये बीबीसीनं करमणुकीसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि मॅशविट्झ त्याचे पहिले संचालक झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये रेडिओचे परवाने साठ लाखांच्या घरात होते. संस्थेवर हुकमत जॉन रीथ यांची. रेडिओनं समाजाला वर उचलावं, ही रीथ यांची श्रद्धा होती आणि तिच्यातून फार मोठं काम उभं राहिलं, हे निर्विवाद. पण रविवारचा रेडिओ त्यांनी इतका सोवळ्यात ठेवला की हलकंफुलकं ऐकायला लोक सरळ रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्ग या परदेशी केंद्रांकडे वळले. मराठी श्रोत्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा आपल्याकडच्या घरांतही काटा रेडिओ सिलोनवर जाऊन स्थिरावला होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती त्या गळतीवरचा उपाय म्हणूनच. लोकांना हसायचं-गुणगुणायचं असतं, ही गरज नाकारून कुठलीही प्रसारणसंस्था फार दिवस श्रोते राखू शकलेली नाही.

मॅशविट्झ यांच्यापुढची अडचण मात्र केवळ वरिष्ठांची नव्हती. तिचं मूळ धंद्यात होतं. त्या काळी म्युझिक हॉल म्हणवणाऱ्या करमणुकीच्या नाट्यगृहांतला विनोदी नट वीस मिनिटांचा एक संच बसवायचा आणि तो घेऊन गावोगाव वर्षानुवर्षं फिरायचा. या शहरातला विनोद पुढच्या शहराला ताजाच असायचा. रेडिओवर तोच संच एका रात्रीत सगळ्या देशानं ऐकला की त्या नटाची शिदोरी संपली. म्हणून नाट्यगृहांचे मालक कलाकारांना रेडिओवर जाऊ द्यायला नाखूश असायचे. यातून वाट एकच होती. रेडिओसाठी दर आठवड्याला नवं लिहून घ्यायचं, त्यासाठी लेखक, संगीतकार आणि निर्माते पगारावर ठेवायचे, आणि हा खर्च वायफळ नाही हे रीथ यांच्या संस्थेच्या गळी उतरवायचं. आज विनोदी मालिकांच्या श्रेयनामावलीत लेखकाचं नाव मोठ्या अक्षरांत येतं. त्या प्रथेची मुळं या निकडीत आहेत.

दुसरी अडचण हशाची. पडदे लावलेल्या, आवाज शोषून घेणाऱ्या बंद खोलीत विनोदी नटानं कुणासाठी थांबायचं? समोर प्रेक्षक नसला तर विराम किती घ्यायचा हे कळत नाही. वाक्य लवकर पडलं तर विनोद जातो, उशिरा पडलं तरी जातो. १९३३ मध्येच बीबीसीनं ब्रॉडकास्टिंग हाउसपासून हाकेच्या अंतरावरचा सेंट जॉर्जेस हॉल घेतला. मॅस्केलाइन घराण्याचे जादूचे प्रयोग जिथे व्हायचे तेच हे नाट्यगृह. आता तिथे खुर्च्यांवर खरी माणसं बसली आणि त्यांचं हसू रेडिओवरून घरोघर पोचू लागलं. घरी एकटा बसलेला श्रोताही त्या हशात सामील झाला. १९४१ च्या बाँबहल्ल्यात ही इमारत जळाली.

मॅशविट्झ यांचं टेबल नुसतं फायलींचं नव्हतं, याचा एक पुरावा फार गोड आहे. नोकरी सांभाळून ते होल्ट मार्व्हेल या टोपणनावानं गीतं लिहायचे. जॅक स्ट्रेची यांच्या चालीवरचं ‘दीज फूलिश थिंग्ज’ हे त्यांचं गीत १९३६ च्या एका रंगमंचीय कार्यक्रमात आलं. प्रकाशकांनी ते छापायलाही नकार दिला. पुढे ‘हच’ या नावानं लाडके असलेले गायक-पियानोवादक लेस्ली हचिन्सन मॅशविट्झ यांच्या बीबीसीतल्या खोलीत आले असताना पियानोवर पडलेला तो कागद त्यांच्या हाती लागला. त्यांना गाणं आवडलं, त्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बिली हॉलिडेच्या आवाजातही ते आलं. करमणूक खात्याच्या साहेबाच्या खोलीत पियानो असावा आणि त्यावर अर्धवट कागद पडलेले असावेत, हे त्या खात्याच्या प्रकृतीबद्दल पुष्कळ सांगून जातं.

१९३७ मध्ये खातं सोडून ते हॉलिवुडला गेले. ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’च्या पटकथेसाठी तिघा लेखकांना ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यांतले ते एक. पुढे महायुद्ध आलं. त्याच सुमारास त्यांनी मॅनिंग शेर्विन यांच्यासोबत बर्कली चौकातल्या कोकिळेचं ते विख्यात गाणं दिलं. १९४० मध्ये जूडी कॅम्पबेलनं ते लंडनच्या रंगमंचावर गायलं. युद्धकाळात स्वतः मॅशविट्झ गुप्तवार्ता खात्यात आणि शेवटी सैन्याच्या प्रसारणविभागात राबले. युद्धानंतर १९४७ मध्ये ब्रिटिश गीतकार-संगीतकारांची संघटना उभी करण्यातही ते पुढे होते.

१९५८ मध्ये बीबीसीनं त्यांना परत बोलावलं, या वेळी टेलिव्हिजनच्या करमणूक विभागाचे प्रमुख म्हणून. वय सत्तावन्न. परिस्थिती कठीण होती. सप्टेंबर १९५५ पासून आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी मैदानात होती, आणि ज्या घरांत दोन्ही दिसत त्यांतले बहुसंख्य प्रेक्षक तिकडे गेले होते. बीबीसीचं काम लोकांना संस्कृती पाजणं नसून त्यांना रिझवणं आहे, असं मॅशविट्झ उघडपणे म्हणत. त्या संस्थेत राहून हे बोलायला धाडस लागत होतं. ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ त्यांच्या काळात ऐन बहरात होती; रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या लेखकद्वयीनं एका चिडक्या, बढाईखोर, एकाकी माणसातून उभी केलेली ही मालिका म्हणजे टेलिव्हिजनवरच्या विनोदाचा मानदंडच. युरोव्हिजन गीतस्पर्धेत १९५८ मध्ये गैरहजर राहिलेला ब्रिटन १९५९ मध्ये परतला, दुसरा आला, आणि १९६० ची स्पर्धा बीबीसीनं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरवली.

याच काळातली एक गोष्ट झाकून चालणार नाही. ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ हा तोंडाला काळं फासून गोऱ्या गायकांनी सादर केलेला कार्यक्रम तेव्हा प्रचंड लोकप्रिय होता. १९६१ मध्ये माँत्रोच्या पहिल्या टेलिव्हिजन महोत्सवात त्याला सुवर्ण गुलाब मिळाला. १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून अर्ज झाला, तरी तो १९७८ पर्यंत चालूच राहिला. नाचगाण्याची सफाई वादातीत होती, पण कृष्णवर्णीय माणसाची ती चेष्टा होती. लोकांना रिझवायचं हे ब्रीद एवढ्यावरच थांबलं, रिझवताना कुणाचा अपमान होतो हे विचारलं नाही, तर काय होतं त्याचं हे उदाहरण आहे. मॅशविट्झ यांच्या विभागाच्या खात्यावर ही नोंद राहणारच.

पु. ल. देशपांडे टेलिव्हिजनचं तंत्र शिकायला लंडनला बीबीसीत गेले तो काळही नेमका हाच. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टेलिव्हिजनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. लेखक, गायक, पेटीवादक, नट आणि वर सरकारी नोकर, ही सगळी भांडणं एकाच अंगात नांदवणारा माणूस करमणुकीच्या खुर्चीला लागतो. लंडनला मॅशविट्झ तसे होते, आपल्याकडे पु. ल.

१९६१ मध्ये मॅशविट्झ यांची खुर्ची टॉम स्लोन यांच्याकडे गेली आणि ते कार्यक्रमप्रमुखांचे सल्लागार झाले. अशा पदावर माणसं बहुधा निवृत्तीची वाट पाहतात. मॅशविट्झ यांनी १९६२ च्या सुरुवातीला संहिताविभागाच्या डोनल्ड विल्सनना विचारलं, विज्ञानकथा टेलिव्हिजनवर चालतील का, जरा तपासून सांगाल? ॲलिस फ्रिक आणि डोनल्ड बुल यांनी त्यावर छोटासा अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या मागोमाग चाललेल्या विचारविनिमयातून, नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांच्या हाताखाली, २३ नोव्हेंबर १९६३ ला ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका अवतरली. साठ वर्षं उलटून गेली तरी ती मालिका अजून सुरू आहे आणि तिच्या जनकांच्या यादीत मॅशविट्झ यांचं नाव शोधावं लागतं. ते स्वतः १९६३ मध्ये आयटीव्हीकडे गेले. २७ ऑक्टोबर १९६९ ला त्यांचं निधन झालं.

श्रोतेहो, मॅशविट्झ यांनी आत्मचरित्र लिहून ठेवलं, बीबीसीनं कागदपत्रं जपली, म्हणून एवढं तरी सांगता आलं. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी एका पिढीच्या कानात अजून आहेत. पण तशा श्रुतिका दर आठवड्याला वेळेत बसवणारे, संहितेवर लाल पेन्सिल चालवणारे, वाद्यवृंदाच्या मानधनासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करणारे अधिकारी कोण होते, हे कुठे लिहिलेलं सहजासहजी सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आकाशवाणीत किंवा दूरदर्शनवर काम केलेलं वडीलधारं माणूस असेल, तर या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून काढा. जुन्या संहिता, पत्रं, टेपा माळ्यावर असतील तर त्या रद्दीत घालू नका, गावातल्या ग्रंथालयाकडे सोपवा.