नवव्या वर्षाची स्लाइड

महाराष्ट्रभरातून आणि गोव्याहून शल्यचिकित्सक, यकृतरोगतज्ज्ञ, परिचारिका, प्रत्यारोपण समन्वयक आज पुण्यात आले आहेत, आणि पुढच्या तीन रांगांत बसले आहेत आपले खास पाहुणे, ज्यांनी यकृत घेतलं आणि ज्यांनी ते दिलं. त्या तीन रांगा राखून ठेवायच्या, हा आमच्या स्वागत समितीचा पहिलाच ठराव होता.

मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाचा चेहरा मला क्वचितच दिसतो. मला दिसतो तो सुईनं काढलेला, शेवईएवढा यकृताचा तुकडा. काही वर्षांपूर्वी असाच एक तुकडा आला. मुलगी एकोणीस वर्षांची. दहाव्या वर्षी वडिलांनी तिला यकृताचा भाग दिलेला. आता कावीळ आणि रात्र रात्र झोपू न देणारी खाज. सूक्ष्मदर्शकाखाली पोर्टल ट्रॅक्टमध्ये धमनी, शीर आणि पित्तनलिका असं तिघांचं बिऱ्हाड दिसायला हवं. मी अकरा ट्रॅक्ट मोजले. चारांत तिघं होती. सातांत धमनी होती, शीर होती, नलिका नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच आला. जुनाट रिजेक्शन.

रिपोर्ट न्यायला वडील स्वतः आले. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, मी दिलेल्या तुकड्यातच काही खोट होती का?"

नव्हती. यकृत निरोगीच होतं. वसतिगृहात मैत्रिणी विचारतात म्हणून मुलीनं रात्रीच्या गोळ्या कित्येक महिने चुकवल्या होत्या, आणि तिची प्रतिकारशक्ती आपलं काम चोख करत राहिली होती. परकं ते ओळखायचं आणि हटवायचं, एवढंच तिला ठाऊक. नऊ वर्षांनीही तिला वडिलांचं यकृत परकंच होतं. पित्तनलिकेचं सगळं पोषण धमनीतून होतं. या आजारात नलिकेवर थेट हल्ला होतोच, शिवाय धमनीच्या आतल्या थरात चरबीनं फुगलेल्या पेशी साठून तिची वाट अरुंद होते. नलिका दोन्हीकडून मरते.

यकृत मात्र मुळात सोशीक अवयव आहे. आतड्यातून येणारे अन्नाचे आणि जंतूंचे असंख्य अंश ते रोज गाळतं, प्रत्येकावर पेटून उठणं त्याला परवडणारं नाही. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९६९ साली दाखवलं, की डुकरांमध्ये बसवलेलं परकं यकृत औषधांशिवायही टिकू शकतं, इतकंच नव्हे तर त्याच दात्याचे इतर अवयवही सांभाळून घेतं. या सोशीकपणावरच आपण विसंबलो, असं मला वाटतं. पहिल्या काही महिन्यांतलं रिजेक्शन ताप आणि चढलेले एन्झाइम घेऊन दारात येतं. औषध देऊन ते बहुधा आटोक्यात येतं. पुढच्या वर्षांतलं तसं नसतं. रुग्णाच्याच पेशी दात्याच्या प्रथिनांचे तुकडे उचलून टी-पेशींना दाखवत राहतात. दात्याच्या पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध, म्हणजे एचएलएविरुद्ध, विशेषतः त्यांतल्या डीक्यूविरुद्ध, प्रतिपिंडं तयार होतात. कित्येकदा एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल असतं आणि बायोप्सीत सूज असते, तंतू साठलेले असतात. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे निरोगी यकृत हे समीकरण आपण मोडायला हवं. मी हे हक्कानं सांगते, कारण ते चुकलेलं मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे.

मग औषध वाढवावं का? तेही सरळ नाही. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं, टॅक्रोलिमस जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूतून. या दोन मुठी मातीनं लाखो आयुष्यं वाचवली. पण हीच औषधं वर्षानुवर्षं घेताना मूत्रपिंड थकतं, साखर वाढते, कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून काही रुग्णांची औषधं थांबवता येतील का, याचा शोध चालू आहे. आईवडिलांचं यकृत मिळालेल्या वीस निवडक मुलांची औषधं अमेरिकेत हळूहळू बंद केली गेली. बारा मुलांना पुन्हा औषधांची गरज पडली नाही. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. त्या मुलांवर सतत तपासण्या आणि बायोप्सीचा पहारा होता, हे माझ्या पुढच्या रांगांतल्या पाहुण्यांनी कृपा करून लक्षात ठेवावं. घरच्या घरी गोळी सोडणं म्हणजे तो प्रयोग नव्हे.

आणखी एक. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. ती घेतल्यानंतर यकृताला ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. त्यांचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती आपण जाणूनबुजून आवरून धरली आहे, त्याला शेजारच्या काकू मायेनं "इम्युनिटी वाढव" म्हणून काढा देतात, तेव्हा त्याला नाही म्हणायला कोणी शिकवलेलं असतं का? पपनसाचं तेच. ते टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वाढवू शकतं, हे डिस्चार्जच्या दिवशी घाईत सांगून भागत नाही. तालुक्याच्या गावी परतलेल्या माणसाला लेव्हल तपासण्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहावं लागतं. त्याची सातव्या, आठव्या वर्षी आठवण कोण ठेवतं, यावर उद्या दुपारचं पूर्ण सत्र ठेवलं आहे. तिथं मला जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना ऐकायचं आहे, फक्त आमच्यासारख्या शहरातल्यांना नव्हे.

त्या मुलीचं दुसरं प्रत्यारोपण झालं. एका अनोळखी घरानं आपल्या माणसाच्या मृत्यूच्या रात्री होकार दिला म्हणून. बाहेरच्या दालनात दहा सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. पहिल्यावर तिची स्लाइड आहे, तिच्या परवानगीनं, आणि शेजारच्या खुर्चीवर ती स्वतः बसणार आहे, वडिलांबरोबर. चहाला जाण्याआधी तिथं थांबा. अकरा ट्रॅक्ट आहेत. नलिका मोजा आणि मग तिच्याशी बोला.