मुलांनीं गणित लिहून सांगावें

प्राथमिक शाळेंतील मुलाची गणिताची वही आपण उघडतों. उत्तर बरोबर असेल तर बरोबरची खूण, चुकलें असेल तर फुली, आणि वही मिटली! त्या उत्तराशीं तें मूल कोणत्या वाटेनें आलें हें आपण विचारीत नाहीं. मींही पुष्कळ वर्षें विचारलें नाहीं.

तिसरींतील एक मुलगी ५२ मधून ३८ वजा करून २६ उत्तर काढी. असलीं उदाहरणें ती रोज चुके आणि मी रोज फुली मारून 'लक्ष नाहीं' असा शेरा देत असें. एके दिवशीं मीं तिला म्हटलें, "तुझी मैत्रीण आज आलेली नाहीं. तिला समजेल असें हें उदाहरण चार ओळींत लिही." तिनें लिहिलें : "लहान संख्येंतून मोठी जात नाहीं असें गुरुजींनीं सांगितलें आहे. दोनांतून आठ जात नाहींत. म्हणून मीं आठांतून दोन काढले."

माझा हात थांबला. पहिलीपासून तो वर्ग माझ्याकडेच होता आणि तें वाक्य माझेंच होतें. मुलीचें लक्ष माझ्या शब्दांवर पुरेपूर होतें. शब्दच अपुरे होते.

आतां, 'कारण लिहा' एवढ्या आज्ञेनें मूल लिहूं लागत नाहीं. 'मीं वजाबाकी केली' इतकेंच तें लिहितें, आणि तें खरेंही असतें! त्याला समजावून सांगण्यासाठीं कोणी तरी हवें : गैरहजर सोबती, घरची आजी. आधीं तोंडानें सांगूं द्यावें, काड्यांच्या जुड्या सोडूं-बांधूं द्याव्या, मग लेखणी. भाषा घरचीच असूं द्यावी. गणिताच्या वहींत ऱ्हस्वदीर्घासाठीं लाल शाई ओतणारे गुरुजी मीं पाहिले आहेत. त्यांच्या वर्गांतील मुलें दुसऱ्या खेपेस दोनच शब्द लिहितात.

मराठी मुलांना तर ह्याची गरज अधिक. 'बावन्न' म्हणतांना दोन आधीं ऐकूं येतात, लिहितांना मात्र पांच आधीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'पन्नास दोन' अशा धर्तीचें वाचन आलें, तेव्हां केवढा वाद माजला! त्यांत मी शिरत नाहीं. पण 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा, हें मुलाकडून एकदां लिहवून घ्यावें. २९ मिळवावयाचे तर ३० मिळवून एक काढावा, ही युक्ति त्याला त्या शब्दांतच सांपडते.

त्या मुलीनें पंधरवड्यानें पुन्हां लिहिलें : "बावन्न रुपये म्हणजे दहाच्या पांच नोटा आणि दोन सुटे. आठ द्यायला सुटे पुरत नाहींत, म्हणून एक नोट वाण्याकडे मोडली. आतां सुटे बारा. आठ दिले, चार उरले. चार नोटांतल्या तीन दिल्या, एक उरली."

खालीं उत्तराचा आंकडा घालावयास ती विसरली होती. मीं फुली मारली नाहीं.